सिक्कीमची माणसं, भाषा आणि धर्म : तक्ते वाचताना नेमकं कुठे चुकतं?

उत्तरायण

सिक्कीमवरच्या मराठी लेखांत लोकसंख्येचा एक ठरलेला परिच्छेद असतो : नेपाळी ६३ टक्के, उरलेले भूतिया आणि लेपचा, धर्म हिंदू आणि बौद्ध. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतही हाच उतरतो. यातला ६३ हा मातृभाषेच्या तक्त्यातला आकडा. भूतिया-लेपचा ही अनुसूचित जमातींच्या यादीतली नावं. हिंदू-बौद्ध धर्माच्या तक्त्यातून आलेले. तीन तक्त्यांतले तुकडे एका वाक्यात बसवले की नेपाळी बोलणारा म्हणजे हिंदू आणि बौद्ध म्हणजे भूतिया, असा अर्थ वाचणाऱ्याच्या डोक्यात पक्का होतो. तो साफ चुकीचा आहे, म्हणून हा धागा.

आधी मूळ आकडे देतो, सगळे २०११च्या जनगणनेचे. एकूण लोकसंख्या ६,१०,५७७; क्षेत्रफळ ७,०९६ चौरस किलोमीटर; म्हणजे चौरस किलोमीटरला ८६ माणसं.

धर्म : हिंदू ३,५२,६६२ (५७.७६ टक्के), बौद्ध १,६७,२१६ (२७.३९), ख्रिश्चन ६०,५२२ (९.९१), मुस्लिम ९,८६७ (१.६२), शीख १,८६८, जैन ३१४, 'इतर धर्म व पंथ' १६,३०० (२.६७), धर्म न सांगितलेले १,८२८.

मातृभाषा : नेपाळी ३,८२,२०० (६२.६०), हिंदी ४८,५८६ (७.९६), भूतिया ४१,८८९ (६.८६), लिंबू ३८,७३३ (६.३४), लेपचा ३८,३१३ (६.२७), शेर्पा १३,६८१ (२.२४), तमांग ११,७३४ (१.९२). उरलेल्यांत राई, बंगाली, तिबेटी वगैरे.

अनुसूचित जमाती २,०६,३६० (३३.८), अनुसूचित जाती २८,२७५ (४.६).

आता यातले तमांग घ्या. जमात म्हणून त्यांची नोंद ३८ हजारांच्या आसपास आहे आणि तमांग मातृभाषा सांगणारे पावणेबारा हजार. म्हणजे दहातले सात जण भाषेच्या तक्त्यात दुसरीकडे गेले, आणि ते जवळजवळ सगळे नेपाळीच्या रकान्यात. धर्मानं बहुतेक तमांग बौद्ध. तर भाषा नेपाळी, धर्म बौद्ध, जमात तमांग, अशी माणसं हजारोंनी आहेत आणि त्या ठरलेल्या परिच्छेदात त्यांना जागाच नाही.

शेर्पांचं आणखी वेगळं. मातृभाषेच्या तक्त्यात शेर्पा स्वतंत्र दिसतात. जमातींच्या यादीत मात्र ते 'भूतिया' या नोंदीतच आहेत. सिक्कीमच्या अनुसूचित जमाती ठरवणाऱ्या १९७८च्या आदेशात भूतिया या एका नावाखाली चुंबीपा, दोपथापा, दुकपा, कागते, शेर्पा, तिबेटी, त्रोमोपा आणि योल्मो असे आठ गट धरलेले आहेत. त्यामुळे भूतिया जमात सुमारे ७० हजार आणि भूतिया भाषा ४२ हजार असं पाहून 'भूतियांनी भाषा सोडली' असा निष्कर्ष काढला तर तो फसतो. शेर्पांचे पावणेचौदा हजार आणि तिबेटी बोलणारे मिळवल्यावर तफावत बरीच कमी होते.

अभ्यासिका

उत्तम धागा. एक शंका आहे. २००१ साली अनुसूचित जमाती २०.६ टक्के होत्या, २०११मध्ये ३३.८. दहा वर्षांत १३ टक्क्यांची उडी. बाहेरून लोक आले म्हणून असं झालं, हे अनेक ठिकाणी वाचलं. बरोबर आहे का?

गणकयंत्र

नाही अभ्यासिका, ती उडी यादीतल्या बदलाची आहे. १९७८च्या आदेशात भूतिया आणि लेपचा या दोनच नोंदी होत्या. लिंबू आणि तमांग यांना अनुसूचित जमातीचा दर्जा देणारी दुरुस्ती जानेवारी २००३मध्ये लागू झाली. २००१ची मोजणी त्याआधीची, म्हणून तिथे १,११,४०५. २०११मध्ये लिंबू सुमारे ५४ हजार आणि तमांग सुमारे ३८ हजार, मिळून ९१-९२ हजार नवी नोंद झाली. ती २,०६,३६० मधून वजा करा, म्हणजे जुन्या दोन नोंदींची वाढ किती किरकोळ आहे ते दिसेल. कुठल्याही राज्याच्या जमातींच्या दोन जनगणनांची तुलना करण्याआधी मधल्या काळात यादी बदलली का, हे तपासायलाच हवं.

तक्ते कोणते उघडायचे तेही लिहितो. धर्मासाठी सी-१. त्यातल्या 'इतर धर्म व पंथ' या रकान्यात नेमकं कोण, ते सी-१च्या परिशिष्टात मिळतं. मातृभाषेसाठी सी-१६. माणसाला आणखी कोणत्या भाषा येतात यासाठी सी-१७. जमातनिहाय लोकसंख्येसाठी ए-११. जमात आणि धर्म यांचा छेद हवा असेल तर एसटी-१४. 'लेपचांपैकी ख्रिश्चन किती' याचं उत्तर फक्त एसटी-१४ देतो. सी-१ आणि ए-११ शेजारी ठेवून ते काढता येत नाही, कितीही टक्केवारी लावली तरी.

सी-१६ उघडल्यावर पहिली अडचण 'हिंदी'ची येते. ४८,५८६ हा गटाचा आकडा आहे. जनगणना हिंदी या शीर्षकाखाली भोजपुरीसारख्या पन्नासहून अधिक मातृभाषा एकत्र करते. सिक्कीममधल्या बाजारपेठांत बिहारकडून आलेले व्यापारी आणि कामगार पुष्कळ आहेत. ते घरात भोजपुरी बोलत असले तरी गटाच्या बेरजेत हिंदीच दिसतात. तक्त्यात गटाच्या ओळीखाली पोटओळी असतात, त्या उघडून बघा.

दुसरी अडचण भूतियाची. देशपातळीच्या तक्त्यात 'भोटिया' या नावाखाली जो आकडा येतो त्यात इतर हिमालयीन राज्यांतले बोलणारेही आहेत. सिक्कीमबद्दल लिहिताना सिक्कीमचीच ओळ घ्या.

तिसरी, मातृभाषेच्या व्याख्येची. लहानपणी आई ज्या भाषेत बोलली ती मातृभाषा, अशी जनगणनेची व्याख्या आहे. आई तान्हेपणी वारली असेल तर त्या घरात तेव्हा मुख्यतः बोलली जाणारी. आज माणूस दिवसभर काय बोलतो हे त्यात येत नाही. म्हणून ६२.६ टक्के हे नेपाळीचं खरं वजन दाखवत नाहीत. लिंबू दुकानदार लेपचा गिऱ्हाइकाशी नेपाळीतच बोलतो, विधानसभेतलं बहुतेक कामकाज नेपाळीत चालतं. हे व्यवहारातलं वजन पाहायचं तर सी-१७.

सह्यकडा

म्हणजे थोडक्यात, नेपाळमधून आलेले लोक बहुसंख्य आणि मूळचे अल्पसंख्य असंच ना? मग त्या परिच्छेदात एवढं चुकलं काय?

तीस्ताकाठ

सह्यकडा, हे वाक्य तिथे कुणापुढे बोलू नका, आणि त्याचं कारण भावनेइतकंच इतिहासातही आहे.

पहिलं म्हणजे सगळे नेपाळीभाषक एका वेळी आलेले नाहीत. लिंबू तर सिक्कीमच्या नामग्याल राजघराण्याच्या आधीपासून पश्चिम सिक्कीममध्ये आहेत. १६४२ साली युक्सोमला फुंत्सोग नामग्यालचा राज्याभिषेक झाला. भूतिया, लेपचा आणि लिंबू या तिघांनी मिळून राज्य मानल्याची, ल्हो-मेन-त्सोंग या नावाची परंपरा त्याच शतकातली. यातले 'त्सोंग' म्हणजे लिंबू. त्यांना नेपाळी या एका शब्दात गुंडाळलं की सिक्कीमच्या तीन आद्य समाजांपैकी एक गळतो.

दुसरं, मोठी वसाहत झाली ती १९व्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८९मध्ये ब्रिटिशांनी जे. सी. व्हाइट याला पहिला पोलिटिकल ऑफिसर म्हणून नेमलं. जंगलाखालची जमीन लागवडीला यावी आणि सारा वाढावा म्हणून त्यानं नेपाळी शेतकऱ्यांना वसवायचं धोरण जोरात राबवलं. १८९१च्या मोजणीत सिक्कीमची लोकसंख्या ३०,४५८ होती : लेपचा ५,७६२, भूतिया ४,८९४, लिंबू ३,३५६. उरलेल्यांत गुरुंग, राई, तमांग, मंगर, नेवार, बाहुन, छेत्री, कामी वगैरे. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच भूतिया-लेपचा मिळून एक तृतीयांशाच्या थोडे वर होते. १९०१मध्ये लोकसंख्या ५९,०१४ झाली. ही सगळी वाढ स्थलांतराची धरू नका, १८९१ची मोजणी बरीच कच्ची होती.

तिसरं, कायद्याचं. १९६१च्या सिक्कीम प्रजा नियमावलीखाली ज्यांची नावं नोंदवली गेली ते सिक्कीमचे प्रजाजन झाले, आणि त्यांत भूतिया, लेपचा, नेपाळी असे तिन्ही होते. आजचा ओळखीचा दाखला, जमीन, नोकरी हे सगळं त्या नोंदीशी बांधलेलं आहे. २०२३च्या जानेवारीत आयकर सवलतीच्या खटल्याच्या निकालपत्रात सिक्कीमी नेपाळींसाठी परकेपणा सुचवणारा उल्लेख आला तेव्हा राज्यभर निदर्शनं झाली आणि फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं तो उल्लेख काढून टाकला. नेपाळी ही १९९२पासून आठव्या अनुसूचीतली भारतीय भाषा आहे. तिथला नेपाळीभाषक तुमच्या-माझ्याइतकाच भारतीय आहे आणि परका म्हटलेलं त्याला लागतं.

सह्यकडा

समजलं, तीस्ताकाठ. लिंबूंबद्दल ठाऊक नव्हतं. मग नेपाळी या छत्राखाली नक्की कोण कोण येतात, ते ओळखायचं कसं? आडनावांवरून?

तीस्ताकाठ

आडनावं मदत करतात, फसवतातही. सुब्बा आडनाव बहुधा लिंबू; मूळची ती गावच्या मुखियाची पदवी. प्रधान बहुतेक नेवार. राई हे खंबू समाजाचं. चामलिंग ही राईंचीच एक शाखा, १९९४ ते २०१९ मुख्यमंत्री असलेले पवन कुमार चामलिंग त्यातले. मुखिया म्हणजे सुनुवार, देवान म्हणजे याक्खा. भूतिया आणि लेपचा हे तर थेट आडनावासारखेच लावले जातात.

घोळ होतो तो लामा, थापा आणि शर्मा यांच्यात. लामा आडनावाचा माणूस तमांग असू शकतो. भिक्खू असण्याशी त्याचा संबंध नसतो. थापा मंगरही असतात, छेत्रीही. गुरुंगांतले काही बौद्ध, काही हिंदू, एकाच आडनावाचे. नेवारांतही तसंच. आडनावावरून धर्म ठरवायच्या भानगडीत पडूच नये.

अनुसूचित जातींची यादी सोपी आहे : कामी (लोहार), दमाई, सार्की, माझी. राई, गुरुंग, मंगर, सुनुवार हे इतर मागासवर्गात आहेत. त्यांच्यासह आणखी काही समाज जमातीचा दर्जा मागताहेत. तो मिळाला तर गणकयंत्र यांनी सांगितलेली उडी पुन्हा दिसेल, तेव्हा घाईनं अर्थ काढू नका.

धम्मपथिक

धर्माच्या बाजूनं भर घालतो. १,६७,२१६ बौद्धांत कोण आहेत याचा ढोबळ हिशोब मांडून बघा. भूतिया सगळे आणि तमांग सगळे बौद्ध धरले तरी १ लाख ७-८ हजार होतात. उरलेले ५९-६० हजार कुठून आले? लेपचांतले बरेच, गुरुंगांतला एक भाग, नेवारांतले काही. मुळात तमांग, गुरुंग आणि नेवार बौद्धांचं घरातलं बोलणं बहुतांशी नेपाळी. म्हणजे सिक्कीममधला बौद्ध धर्म हा एका समाजाचा धर्म नाही. सणही निरनिराळे : भूतियांचा लोसूंग, तमांगांचा सोनम ल्होछार, गुरुंगांचा तमु ल्होछार डिसेंबरच्या अखेरीस, शेर्पांचा ग्याल्पो ल्होसार. चार वर्षारंभ, एकच धर्म.

परंपरा वज्रयान. पेमयांग्त्से, ताशिदिंग इथले मठ न्यिंग्मा पंथाचे, रुमटेक काग्यू पंथाचं.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक तुलना फार उपयोगी आहे. २०११मध्ये देशात ८४ लाख ४३ हजार बौद्ध, त्यांपैकी ६५ लाख ३१ हजार एकट्या महाराष्ट्रात. तरी राज्यातला वाटा ५.८१ टक्केच. सिक्कीममध्ये संख्या पावणेदोन लाखांच्या आत, वाटा २७.३९ टक्के, राज्यांमध्ये सर्वांत जास्त. आपल्याकडचा बौद्ध समाज बहुतांशी १४ ऑक्टोबर १९५६च्या धम्मदीक्षेनंतर उभा राहिलेला, त्यामुळे त्याचा प्रश्न अनुसूचित जातींच्या सवलतींचा होता. अनुसूचित जातींच्या आदेशाला धर्माची अट आहे. त्यात बौद्धांचा समावेश व्हायला १९९० साल उजाडलं. अनुसूचित जमातींच्या आदेशाला धर्माची अट नाही. म्हणून सिक्कीममधला लेपचा बौद्ध असो, ख्रिश्चन असो की आपल्या जुन्या निसर्गपूजेतला, त्याचा दर्जा तोच राहतो. दोन्हीकडच्या बौद्धांच्या सामाजिक आकडेवारीची तुलना करताना हा कायदेशीर फरक न धरता काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

अभ्यासिका

'इतर धर्म व पंथ' १६,३०० म्हणजे कोण? आणि हिंदूंचा वाटा कमी होतोय, याबद्दल बरंच काही वाचायला मिळतं.

धम्मपथिक

'इतर'मध्ये मुख्यतः लिंबूंचा युमा पंथ आणि राईंचा किरात धर्म मानणारे. लिंबूंची देवता युमा साम्यो, पुरोहित फेदांगमा, मौखिक परंपरा मुंधुम. लेपचांमध्येही मुन आणि बोंगथिंग हे पुरोहित आजही विधी करतात, पण त्यातले बरेच जण धर्म विचारला की बौद्ध सांगतात. दोन्ही खरं असतं. रकाना मात्र एकच.

इथे अर्जाच्या रचनेचा वाटा मोठा आहे. २०११च्या अर्जात सहा धर्मांना संकेतांक होते : हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. त्याबाहेरचा धर्म असेल तर प्रगणकानं संकेतांक न टाकता पूर्ण नाव लिहायचं होतं. सांगणाऱ्यानं ठाम सांगितलं नाही, किंवा प्रगणकानं विचारण्याआधीच ठरवून टाकलं, तर युमा मानणारं कुटुंब हिंदूत जमा होतं. १६,३०० हा आकडा म्हणून किमान समजा.

वाट्याचं म्हणाल तर २००१मध्ये हिंदू ६०.९३ टक्के, २०११मध्ये ५७.७६. संख्या मात्र ३,२९,५४८ वरून ३,५२,६६२ झाली, म्हणजे वाढलीच. बौद्ध २८.११ वरून २७.३९ टक्के, तेही संख्येनं वाढलेच. ख्रिश्चन ६.६८ वरून ९.९१. ख्रिश्चनांची वाढ खरी आहे आणि ती लेपचा, राई, तमांग, लिंबू अशा अनेक समाजांत विखुरलेली आहे. नुसत्या टक्क्यांवर लिहिणाऱ्यांनी शेजारी संख्याही द्यावी, एवढीच कळकळीची विनंती.

नकाशाप्रेमी

जिल्ह्यांबद्दल कुणीच बोललं नाही, आणि सध्या सर्वांत जास्त चुका तिथेच होताहेत. २०११ला सिक्कीमचे चार जिल्हे होते : पूर्व २,८३,५८३, दक्षिण १,४६,८५०, पश्चिम १,३६,४३५, उत्तर ४३,७०९. डिसेंबर २०२१मध्ये सहा झाले आणि नावंही बदलली. उत्तरचं मंगन, दक्षिणचं नामची, पश्चिमचं ग्यालशिंग आणि सोरेंग, पूर्वचं गंगटोक आणि पाकयोंग. 'गंगटोक जिल्ह्याची लोकसंख्या २,८३,५८३' असं आता अनेक संकेतस्थळांवर दिसतं. ते चूक आहे, त्या आकड्यात आजचा पाकयोंग जिल्हाही आहे. नव्या जिल्ह्यांचे आकडे हवे असतील तर २०११चे उपविभाग घेऊन जुळवावे लागतात : पाकयोंग आणि रोंगली हे उपविभाग मिळून साधारण आजचा पाकयोंग जिल्हा, सोरेंग उपविभाग म्हणजे साधारण सोरेंग जिल्हा. 'साधारण' हा शब्द गाळू नका.

मंगनसाठी आणखी एक सावधगिरी. उत्तर जिल्ह्यात २०११ला दर हजार पुरुषांमागे सुमारे ७७० स्त्रिया होत्या, राज्यात ८९०. मुलींच्या जन्मावर याचं खापर फोडू नका. राज्यात शून्य ते सहा वयोगटात हेच प्रमाण ९५७ आहे. सरहद्दीवरचे जवान, रस्त्यांचे आणि जलविद्युत प्रकल्पांचे मजूर हे बहुतांशी पुरुष आणि बहुतांशी बाहेरच्या राज्यांतले. ४३ हजारांच्या जिल्ह्यात असे काही हजार जण मोजले गेले की हिंदी मातृभाषा, हिंदू धर्म आणि पुरुष हे तिन्ही आकडे एकदम फुगतात. उत्तर जिल्ह्याच्या स्थानिक समाजाबद्दल लिहायचं तर सगळ्या लोकसंख्येऐवजी अनुसूचित जमातींचे तक्ते वापरा. तिथे जवळजवळ दोन तृतीयांश लोक जमातींचे आहेत.

याच जिल्ह्यात झोंगू आहे, लेपचांसाठी राखलेला भाग. बाहेरच्याला तिथे जायला परवाना लागतो आणि जमीन घेता येत नाही. लाचेन आणि लाचुंग इथे ग्रामपंचायतीऐवजी 'झुमसा' ही भूतियांची पारंपरिक ग्रामसभा चालते, तिचा प्रमुख पिपोन. राज्याच्या पंचायत कायद्यानं ती मान्य केलेली आहे.

लिपीवेडा

झोंगूचा उल्लेख झाला तर भाषेची सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथेच आहे. उत्तरायण यांनी तमांगांचं प्रमाण काढलं, तसंच बाकीच्यांचं काढा. लेपचा जमात सुमारे ४३ हजार, लेपचा मातृभाषा ३८,३१३, म्हणजे दहातले जवळजवळ नऊ. लिंबू ५४ हजारांना ३८,७३३, दहातले सात. तमांग दहातले तीन. दोन वेगळे तक्ते जोडलेले असल्यानं हे ढोबळ आहे, पण फरक इतका मोठा आहे की ढोबळपणानं तो पुसला जात नाही.

संख्येनं मोठा समाज भाषा टिकवतोच असं नाही, हे यातून दिसतं. माझ्या मते जमिनीचा कायदा इथे निर्णायक ठरला. १९१७च्या महसुली आदेश क्र. १ नुसार भूतिया-लेपचांची जमीन इतरांना विकता येत नाही. त्यात झोंगूसारखा सलग प्रदेश राखीव. शेजारीपाजारी सगळे आपलेच असले की मुलांच्या खेळातली भाषा टिकते. तमांग राहतात मिश्र वस्त्यांत. अंगणात पाच समाजांची पोरं जमली की नेपाळीशिवाय चालत नाही, आणि शाळेचं माध्यम इंग्रजी.

राजभाषांचा क्रम असा : १९७७ला नेपाळी, भूतिया, लेपचा, १९८१ला लिंबू, १९९५ला नेवारी, राई, गुरुंग, मंगर, शेर्पा, तमांग, १९९६ला सुनुवार. इंग्रजी सोडून अकरा. यादी मोठी आहे, पण राजभाषा झाल्यावर शाळेत तो विषय ऐच्छिक म्हणून ठेवता येतो एवढंच. शिक्षक हवा, पुस्तकं हवीत, वर्गात पुरेशी मुलं हवीत. एका गावात सात भाषांची चार-चार मुलं असली की कुठलाच वर्ग भरत नाही. राईंच्या बाबतीत आणखी पेच आहे, कारण राई ही एक भाषा नाही. बांतवा, चामलिंग, कुलुंग, थुलुंग अशा अनेक भाषा त्या नावाखाली येतात आणि एकमेकांना सहज कळत नाहीत. पाठ्यपुस्तक कुठल्या भाषेत काढायचं हा प्रश्न तिथून सुरू होतो.

अभ्यासिका

लिप्यांचं काय? नेपाळी देवनागरीत, म्हणजे पाट्या आपल्याला वाचता येतात. बाकीच्यांचं?

लिपीवेडा

भूतिया तिबेटी लिपीत. लेपचाची स्वतःची रोंग लिपी. लिंबूची सिरिजंगा, तिचा प्रसार करणारे तेयोंगसी सिरिजंगा १७४१ साली पश्चिम सिक्कीममध्ये मारले गेले, आजही लिंबू समाज त्यांना हुतात्मा मानतो. संगणकावर लिंबू २००३मध्ये युनिकोडात आली, लेपचा २००८मध्ये. गुरुंग खेमा, किरात राई आणि सुनुवार या तीन लिप्या थेट सप्टेंबर २०२४च्या १६.० आवृत्तीत. तोवर छापील पुस्तकांसाठी खास फाँट वापरावे लागत. तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला की भलतीच अक्षरं दिसत आणि शोधता तर येतच नसे. जुन्या फायली युनिकोडात आणायचं काम आता कुठे सुरू होऊ शकतं, आणि त्यासाठी प्रत्येक जुन्या फाँटचा अक्षरसंच जुळवून तक्ता करावा लागतो. ज्यांना हे काम येतं त्यांनी या भाषांकडे जरूर बघावं. मराठीत आपण हे दुखणं भोगलेलं आहे, म्हणून आपल्याकडे ती माणसं आहेत.

राज्यघटना_वाचक

राजकीय बाजू कमी शब्दांत. १९७५च्या ३६व्या घटनादुरुस्तीनं सिक्कीम २२वं राज्य झालं आणि सिक्कीमसाठी विशेष तरतुदींचा अनुच्छेद ३७१-एफ आला. विधानसभेच्या ३२ जागांपैकी १२ भूतिया-लेपचांना, २ अनुसूचित जातींना आणि १ 'संघ' मतदारसंघाला राखीव. संघाच्या जागेला भूगोल नाही. मान्यताप्राप्त मठांत नोंद असलेले भिक्खू-भिक्खुणीच तिथे मतदार आणि उमेदवार. धर्मावर आधारलेला मतदारसंघ घटनेत कसा बसतो, या प्रश्नावर १९९३मध्ये आर. सी. पौड्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं तो वैध ठरवला, सिक्कीमच्या विशिष्ट इतिहासाचा आधार घेऊन.

इथेही रकान्यांचा तोच गोंधळ उद्भवतो. बारा जागा 'अनुसूचित जमाती'ला नाहीत, भूतिया-लेपचांना आहेत. म्हणून २००३ला जमात ठरलेले लिंबू आणि तमांग नोकरी-शिक्षणातला लाभ घेतात, पण विधानसभेत त्यांच्यासाठी जागा नाहीत. ती मागणी इतकी वर्षं चालू आहे.

गणकयंत्र

शेवटी येणाऱ्या मोजणीचं. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६ हा वेगळा दिन ठरला, पण त्या यादीत लडाख, जम्मू-काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंड आहेत. सिक्कीम नाही. या वेळी सर्वच जातींची नोंद होणार असल्यामुळे राई, गुरुंग, मंगर, नेवार, छेत्री यांची स्वतंत्र संख्या जनगणनेतून मिळण्याची शक्यता सिक्कीम भारतात आल्यापासून पहिल्यांदाच दिसते आहे. आतापर्यंत हे सगळे 'जमातींत नाहीत, जातींत नाहीत' अशा वजाबाकीतूनच कळत होते.

तुलना करताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. जिल्हे सहा झालेले असतील, म्हणून २०११चे आकडे आधी उपविभागांवरून जुळवून घ्या. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत सिक्कीमचा एकूण जननदर (एका स्त्रीमागे सरासरी मुलं) १.१ होता, देशात सर्वांत कमी. त्यामुळे लेपचा किंवा शेर्पा बोलणाऱ्यांची संख्या घटलेली दिसली तर ती भाषा सोडल्यामुळे घटली की मुलंच कमी जन्मली म्हणून, हे वयोगटाचा तक्ता शेजारी ठेवल्याशिवाय सांगता येणार नाही. जमातीची संख्या आणि भाषेची संख्या सारख्याच प्रमाणात घटली असेल तर कारण जन्मदर. भाषेची जास्त वेगानं घटली असेल तर भाषापालट झालाय, म्हणजे घरातली भाषाच बदलली आहे.

उत्तरायण

गणकयंत्र, ही शेवटची कसोटी मूळ लेखात घालतो. नकाशाप्रेमी, जुन्या उपविभागांची आणि नव्या जिल्ह्यांची जुळणी तुम्ही एका तक्त्यात दिलीत तर तीही वर जोडेन. एसटी-१४ मधून लेपचा, लिंबू आणि तमांग यांचे धर्मनिहाय आकडे काढून पुढच्या प्रतिसादात देतो. ते आल्यावर धम्मपथिक यांच्या बौद्धांच्या हिशोबातले ५९-६० हजार कुठून आले, ते नेमकं सांगता येईल.